कॅरव्हॅन आणि ती ओढणारी कार : बर्मिंगहॅमजवळच्या एका कुटुंबाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमलगत राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचे आहे. गृहस्थ माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात असून बहुतेक दिवस घरूनच काम करतात, तर पत्नी शहराच्या मध्यभागातील एका रुग्णालयात नोकरी करतात. मुलगी अकरा वर्षांची आणि मुलगा सात वर्षांचा. गृहस्थांच्या आई साताऱ्याजवळच्या गावाहून मे महिन्यात येतात आणि सप्टेंबरमध्ये परततात. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील मी वगळले आहेत आणि गाड्यांची नावेही दिलेली नाहीत.

महाराष्ट्रात कॅरव्हॅन म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर स्वतःच्या इंजिनावर चालणारी, आत झोपण्याची सोय असलेली मोटार येते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्यानंतर हा अर्थ अधिकच रुळला. ब्रिटनमध्ये मात्र कॅरव्हॅन म्हणजे बिनइंजिनाची, कारमागे जोडून ओढून न्यायची चाकांवरची खोली. त्यामुळे तेथे खरेदी एका वस्तूची नसते, एका जोडीची असते. बैलजोडीत एक बैल ताकदीने फार कमी पडला की औत नीट चालत नाही. येथेही तसेच घडते, फरक इतकाच की येथे परिणाम ताशी ६० मैलांच्या वेगाने भोगावे लागतात.

कुटुंबाला कॅरव्हॅन हवी होती याची कारणे साधी आणि पटण्यासारखी होती. शाळांच्या सुट्टीत हॉटेलांचे दर परवडत नाहीत, आजींना बाहेरचे खाणे सोसत नाही आणि गुडघ्यांमुळे रात्री तंबूतून उठून लांबच्या स्वच्छतागृहापर्यंत जाणे त्यांना शक्य नाही.

अडचण

फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी २०१४ सालची, पाच जणांना झोपता येईल अशी एक कॅरव्हॅन पाहिली, ती आवडली आणि ५०० पौंड इसारा देऊन ठेवली. सल्ल्यासाठी मला फोन आला तो त्यानंतर. प्रश्न एकच होता, "आमच्या गाडीला टो-बार कोणता बसवावा?" टो-बार म्हणजे कॅरव्हॅन जोडण्यासाठी कारच्या मागे बसवायचा दांडा.

त्यांची कार पेट्रोल-हायब्रिड हॅचबॅक होती. मी त्यांना दाराच्या चौकटीवरील किंवा बॉनेटखालील निर्मात्याच्या पाटीचा फोटो पाठवायला सांगितले. या पाटीवर सहसा चार वजने असतात : भरलेल्या कारचे कमाल वजन, कार आणि मागची जोडगाडी मिळून चालणारे कमाल वजन म्हणजे ग्रॉस ट्रेन वेट, आणि पुढच्या व मागच्या आसांवरचे कमाल भार. त्यांच्या पाटीवर दुसऱ्या वजनाची जागा रिकामी होती. ग्रॉस ट्रेन वेट दिलेलेच नसेल तर निर्मात्याने त्या कारला काहीही ओढण्याची मुभा दिलेली नाही, असा त्याचा अर्थ होतो. टो-बारचा प्रश्न तेथेच संपला.

परवान्याची अडचण नव्हती. गृहस्थांनी २०१६ मध्ये ब्रिटनची चाचणी दिली होती. १ जानेवारी १९९७ नंतर चाचणी दिलेल्यांना पूर्वी मोठी कॅरव्हॅन ओढण्यासाठी वेगळी चाचणी द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१ पासून ती अट गेली आणि साध्या कारच्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतची जोडगाडी ओढता येऊ लागली. या सवलतीमुळे त्यांना एक खोटा दिलासा मिळाला होता, असे माझे स्पष्ट मत आहे. पूर्वी त्या चाचणीच्या निमित्ताने वजनांचा अभ्यास आपोआप होत असे. आता कायदा अडवत नाही, म्हणून आपली जोडी योग्यच आहे असे समजणारे लोक मला वरचेवर भेटतात.

पुढच्याच आठवड्यात एका कारविक्रेत्याने त्यांना पेट्रोलवर चालणारी एक क्रॉसओव्हर, म्हणजे हॅचबॅकपेक्षा उंच बांध्याची कार, सुचवली. तिची ओढण्याची मर्यादा माहितीपत्रकात १,५०० किलो होती आणि कॅरव्हॅनचे भरलेले कमाल वजन १,४८० किलो. "वीस किलो शिल्लकच राहतात," असे त्यांना सांगण्यात आले. या वाक्याने ते जवळजवळ निश्चिंत झाले होते.

वजनांचा हिशोब

हा १,५०० चा आकडा येतो कुठून, हे येथे सांगणे आवश्यक आहे. ओढण्याची मर्यादा ठरवताना भरलेली जोडी १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा थांबून पुन्हा निघू शकते की नाही, हे पाहिले जाते. कारचे इंजिन आणि क्लच हे ओझे चढावर नेऊ शकतात, एवढेच त्यातून कळते. मोकळ्या महामार्गावर आडवा वारा लागला, शेजारून उंच ट्रक गेला आणि मागचे धूड डावी-उजवीकडे झुलू लागले, तर कार त्याला आवरू शकेल का, हे त्यातून कळत नाही. ते मुख्यतः कारच्या आणि कॅरव्हॅनच्या वजनांच्या परस्पर प्रमाणावर, सामानाच्या मांडणीवर आणि वेगावर अवलंबून असते.

म्हणून ब्रिटनमधल्या कॅरव्हॅन संस्था नवशिक्यांना सल्ला देतात की कॅरव्हॅनचे भरलेले कमाल वजन कारच्या कर्ब वेटच्या, म्हणजे रस्त्यावर निघण्यास तयार पण सामान न भरलेल्या कारच्या वजनाच्या, ८५ टक्क्यांच्या आत असावे. हा कायदा नाही, सल्ला आहे. अनुभवी माणसांनीही १०० टक्क्यांच्या वर जाऊ नये, असे त्या सांगतात. त्या क्रॉसओव्हरचे कर्ब वेट १,४०० किलो होते. ८५ टक्के म्हणजे १,१९०. त्यांची कॅरव्हॅन १,४८० ची, म्हणजे जवळजवळ १०६ टक्के. ओढणाऱ्यापेक्षा ओढले जाणारे जड ठरत होते.

दुसरी गोष्ट नोजवेटची, म्हणजे कॅरव्हॅनचे पुढचे टोक टो-बॉलवर, टो-बारच्या टोकावरील गोळ्यावर, खाली जो भार टाकते त्याची. तो कॅरव्हॅनच्या प्रत्यक्ष वजनाच्या सुमारे ५ ते ७ टक्के असावा लागतो. १,४८० किलोसाठी हा भार ७४ ते १०४ किलो होतो आणि त्या क्रॉसओव्हरची मर्यादा ७५ किलोच होती.

तिसरी गोष्ट मी त्यांच्या दिवाणखान्यात, प्रत्यक्ष सामान मांडून दाखवली. कॅरव्हॅनच्या पाटीवरचे कमाल वजन १,४८० आणि रिकामी, चालण्यास तयार अवस्थेतले वजन १,३२५, म्हणजे सामानासाठी १५५ किलो. "आम्ही थोडेच सामान नेणार," असे पत्नी म्हणाल्या. मग आम्ही घरचा वजनकाटा घेऊन एका शनिवारी सगळे जमिनीवर मांडले आणि तोलले. जे घरात नव्हते त्याचे वजन विक्रेत्यांच्या माहितीतून घेतले. बॅटरी २४ किलो. पार्किंगच्या वेळी कॅरव्हॅन स्वतः सरकवणारी मोटर ३२. गॅसची भरलेली जादा टाकी १५. पुढे लावायचा मांडव म्हणजे ऑनिंग, जमिनीवरच्या अंथरणासह ३४. पाण्याच्या टाक्या, विजेची केबल, पायरी, चाकाखालचे उतरते ठोकळे आणि कुलपे मिळून २९. पाच जणांची अंथरुणे-पांघरुणे २७. कपडे आणि चपला-बूट ३८. घडीच्या खुर्च्या, टेबल आणि मुलांचे खेळ २३. स्वयंपाकाचे सामान आणि शिधा ४१ : कुकर, कढई, पोळ्यांचा तवा, मिक्सर, मसाल्याचा डबा, दहा किलो कणीक, तांदूळ, डाळी.

बेरीज २६३ किलो झाली. मर्यादा १५५ ची होती.

मुलांच्या दोन सायकली, २४ किलो, या बेरजेत धरलेल्याच नव्हत्या. त्या कॅरव्हॅनच्या मागच्या भिंतीवर टांगायचा विचार होता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय होता तीच कॅरव्हॅन आणि जड कार. डिझेलवर चालणारी सात आसनी एसयूव्ही, कर्ब वेट १,८६०; प्रमाण जेमतेम ८० टक्के, म्हणजे उत्तम. परंतु बर्मिंगहॅमच्या मध्यभागात १ जून २०२१ पासून स्वच्छ हवा क्षेत्र लागू आहे आणि युरो ६ या धूर-प्रदूषणाच्या मानकापेक्षा जुन्या डिझेल कारला तेथे दिवसाला ८ पौंड मोजावे लागतात. युरो ६ एसयूव्ही १५,५०० पौंडांना होती आणि ९,५०० पौंडांच्या कॅरव्हॅनसह एकूण रक्कम त्यांच्या १८,००० पौंडांच्या अंदाजपत्रकाबाहेर गेली. जुनी युरो ५ एसयूव्ही स्वस्त होती आणि पत्नीने रुग्णालयात जाण्यासाठी हायब्रिड ठेवली असती तर ८ पौंडांचा प्रश्नही बराचसा मिटला असता. गृहस्थांचा कल या बाजूला होता.

येथे निर्णयाचा खरा कस लागला. जड कार घेतल्याने कारचा प्रश्न सुटतो. कॅरव्हॅनच्या पाटीवरचा १,४८० चा आकडा मात्र तसाच राहतो. २६३ किलो सामान भरले की ती कॅरव्हॅन स्वतःच्या आसाच्या आणि टायरच्या दृष्टीने बेकायदा ठरते, मग पुढे कितीही दणकट गाडी असो. हे त्यांना मान्य व्हायला दोन दिवस लागले.

दुसरा पर्याय होता तीच कॅरव्हॅन आणि मध्यम आकाराची डिझेल इस्टेट कार, म्हणजे मागे लांब डिकी असलेली कार. कर्ब वेट १,५८५, ओढण्याची मर्यादा १,६०० आणि नोजवेटची मर्यादा ८० किलो. प्रमाण ९३ टक्के. शिवाय पाटीवर एक सापळा होता, जो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो : ग्रॉस ट्रेन वेट ३,५६० आणि भरलेल्या कारचे कमाल वजन २,१३०. म्हणजे कार पूर्ण भरली तर मागे ओढायला उरतात १,४३० किलो, १,६०० नव्हे. कॅरव्हॅनमधले सामान काढून कारच्या डिकीत ठेवले की कॅरव्हॅन हलकी होते, पण जोडीचे एकूण वजन तसूभरही कमी होत नाही.

तिसरा पर्याय विद्युत कारचा होता आणि तो लवकर बाजूला पडला. त्यांच्या आवाक्यातल्या ज्या कार आम्ही पाहिल्या, त्यांना एवढे वजन ओढण्याची मान्यता नव्हती. कॅरव्हॅन न घेता एखाद्या तळावरची कायमची उभी कॅरव्हॅन सुट्टीपुरती भाड्याने घेण्याचा विचार पत्नीने मांडला होता. तो मला आजही सर्वांत शहाणपणाचा वाटतो, पण मुलांचा हट्ट फिरण्याचा होता.

चौथा पर्याय मी मांडला : तीच इस्टेट कार, पण कॅरव्हॅन हलकी. भरलेले कमाल वजन १,३३०, रिकामे १,१५०, सामानासाठी १८० किलो. म्हणजे लहान कॅरव्हॅनमध्ये मोठीपेक्षा २५ किलो जास्त सामान बसत होते, कारण तिच्यात कायमचा पलंग आणि जादा कपाटे नव्हती. कर्ब वेटशी प्रमाण ८४ टक्के. भरलेली कार २,१३० अधिक १,३३० मिळून ३,४६०, ग्रॉस ट्रेन वेटच्या १०० किलो आत. अडचण एकच, ती चौघांची होती.

निर्णय

पाचव्या जागेवर चर्चा अडली. मी विचारले की वर्षात कॅरव्हॅनमध्ये साधारण तीस रात्री काढल्या, तर त्यांपैकी आजी किती रात्री बरोबर असतील. उत्तर आले, बारा. त्या बारा रात्रींसाठी कुटुंब वर्षभर दीडशे किलो जादा ओढायला निघाले होते. शेवटी असे ठरले की पुढच्या दोन लांब बैठकींवर आजी आणि सूनबाई झोपतील, मुले मागच्या दुमजली पलंगावर, आणि गृहस्थ ऑनिंगमधल्या आतल्या तंबूत. बैठका बुटक्या होत्या, त्यामुळे आजींच्या गुडघ्यांनाही त्या सोयीच्या ठरल्या.

इस्टेट युरो ६ चीच घेतली. एक काळजी मात्र उरली होती. डिझेल कारमधला काजळीचा फिल्टर साफ राहण्यासाठी तिला अधूनमधून सलग लांब धाव लागते आणि रुग्णालयाचे अंतर चारच मैल होते. म्हणून हायब्रिड विकायची नाही, रोजच्या फेऱ्या तिनेच करायच्या, आणि इस्टेट शनिवार-रविवारच्या लांब प्रवासाला ठेवायची, असे ठरले. इसाऱ्यातले १५० पौंड विक्रेत्याने कापून घेतले. कार १०,८००, कॅरव्हॅन ६,९०० आणि टो-बार व तेरा पिनांच्या वीजजोडणीचे ६५० धरून खर्च अंदाजपत्रकाच्या थोडा वर गेला.

या कॅरव्हॅनच्या निर्मात्याकडून कागदोपत्री कमाल वजन वाढवून नवी पाटी मिळण्याची सोय होती. ५० किलो वाढले असते, पण प्रमाण ८७ टक्क्यांवर गेले असते. पहिल्या वर्षी तरी ते नको, असे मी आग्रहाने सांगितले.

कृती

२६३ किलोंच्या यादीतून सरकवणारी मोटर रद्द झाली, ऑनिंग आणि खुर्च्या-खेळ डिकीत गेले. कागदावर १७४ किलो उरले, म्हणजे एकूण १,३२४. गृहस्थांनी एका कॅरव्हॅन संस्थेचे ओढण्याचे प्रशिक्षण घेतले. ओलावा, टायरचे वय, ब्रेक आणि नोंदणी यांची तपासणी खरेदीपूर्वीच झाली होती. टायर सहा वर्षांचे होते, ते बदलले.

मे महिन्यात आजी आल्या आणि पहिल्या सहलीआधी आम्ही पूर्ण भरलेली जोडी, माणसांसह, सार्वजनिक वजनकाट्यावर नेली. कॅरव्हॅन एकटी तोलली तेव्हा काट्याने १,३५२ दाखवले. कागदापेक्षा २८ किलो जास्त आणि मर्यादेपेक्षा २२. आधीच्या मालकाने बसवलेले सौर पॅनेल आणि त्याची चौकट आमच्या हिशोबात नव्हती, आणि पाणी तापवण्याच्या टाकीत १० लिटर पाणी तसेच राहिले होते. पाणी सोडले, जादा गॅसटाकी काढली, कणीक आणि धान्य मिळून ११ किलो कमी केले, पायरी आणि ठोकळे कारमध्ये ठेवले. काटा १,३०८ वर आला. संपूर्ण जोडी ३,२२३ किलो भरली.

मग सपाट जागेवर नोजवेट मोजले. ते ५८ किलो, म्हणजे साडेचार टक्क्यांहूनही कमी निघाले. गॅसची टाकी पुढच्या पेटीतून काढल्याने पुढचा भार घटला होता आणि डबे, भांडी सगळी मागच्या कपाटात होती. मी समजावून सांगू लागलो तेव्हा कारमधून उतरून बाजूला उभ्या राहिलेल्या आजी म्हणाल्या, "अरे, गाडी उलाळ झालीय तुमची. बैलाच्या मानेवर थोडं ओझं पाहिजे, नाहीतर जू वर उचलतं." बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी मागे झुकते, तिला गावाकडे उलाळ म्हणतात. नोजवेटचे याहून नेमके स्पष्टीकरण मी ऐकलेले नाही आणि त्यानंतर ते इतरांना सांगताना मी हाच शब्द वापरतो. जड डबे आसाच्या किंचित पुढे, जमिनीलगत आणले. भार ७६ किलो झाला, ५.८ टक्के, कार, टो-बार आणि हिच (कॅरव्हॅनच्या पुढच्या टोकाची, टो-बॉलला अडकणारी कडी) या तिघांच्या मर्यादांपैकी सर्वांत कमी असलेल्या ८० च्या आत.

सायकली पहिल्या सहलीला घरीच राहिल्या. मागच्या भिंतीवर टांगलेले २४ किलो आसापासून सर्वांत लांब असतात, त्यामुळे नोजवेट घटवतात आणि झुलणेही वाढवतात. आत आसावर ठेवल्या असत्या तर कॅरव्हॅन मर्यादेवर दोन किलोंनी गेली असती.

निष्पत्ती

पहिली सहल मुद्दाम जवळची, पीक डिस्ट्रिक्टमधली होती. जुलैमध्ये ते नॉर्थ यॉर्क मूर्सला, हेल्म्सलीजवळ गेले. कारच्या नकाशायंत्राने थर्स्कहून ए१७० रस्त्याने सटन बँकचा चढ सुचवला होता. तो चढ २५ टक्क्यांचा आहे आणि तेथे कॅरव्हॅनना बंदी आहे. ज्या १२ टक्क्यांवर ओढण्याची मर्यादा ठरते त्याच्या दुपटीहून अधिक. आधीच ठरवल्याप्रमाणे ते दक्षिणेकडून, कॉक्सवोल्ड-अँपलफोर्थ मार्गे गेले. कारमागे कॅरव्हॅन असताना महामार्गावर ताशी ६० मैल आणि साध्या दुपदरी रस्त्यावर ५० मैलांची मर्यादा असते. एम१ महामार्गावर एक उंच ट्रक शेजारून गेला तेव्हा कॅरव्हॅन एकदा हलली आणि लगेच स्थिरावली. गृहस्थांनी ब्रेक न दाबता फक्त ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला होता, जे प्रशिक्षणात शिकवलेले असते. इंधनाचा खर्च बराच वाढला : एरवी गॅलनला ५२ मैल देणारी कार ३१ वर आली.

काय वेगळे करता आले असते

इसारा देण्याआधी कारची पाटी पाहिली असती तर १५० पौंड वाचले असते. तो तोटा लहान आहे. इसाऱ्यामुळे मन अडकले, आणि नंतरचा प्रत्येक विचार ती विशिष्ट कॅरव्हॅन वाचवण्याच्या दिशेने होत राहिला. जड एसयूव्हीचा मोह त्यातूनच आला होता.

माझ्याही बाजूने एक चूक झाली. कागदावरच्या १,१५० या रिकाम्या वजनावर मी विश्वास ठेवला. वापरलेली कॅरव्हॅन खरेदीआधी रिकामी असताना काट्यावर न्यायला हवी होती. आधीच्या मालकाने काय काय बसवले आहे ते मेऐवजी मार्चमध्ये कळले असते आणि किंमत ठरवतानाही उपयोगी पडले असते.

प्रशिक्षण एकट्या गृहस्थांनी घेतले, हेही योग्य झाले नाही. यॉर्कशरहून परतताना त्यांची पाठ धरली आणि सलग चार तास त्यांनाच चालवावे लागले, कारण पत्नीने कॅरव्हॅन जोडून कार कधी चालवलेलीच नव्हती. पुढच्या एप्रिलमध्ये त्यांनी तेच प्रशिक्षण घेतले आणि त्या उन्हाळ्यात निम्मे अंतर त्यांनीच चालवले. सायकलींसाठी कारच्या छतावर रॅक आला. वजनांची यादी आता कॅरव्हॅनच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे, आणि तिच्यात आजींच्या कणकेपुढे दहाऐवजी चार किलो लिहिले आहेत. उरलेली कणीक ते मुक्कामाच्या गावातून घेतात.